मागचा प्लग

प्रिय श्रीदेवी,

पत्राच्या वरती आशीर्वाद लिहायचे असतात हे मला ठाऊक आहे. पण माझ्या नखांत काळं बसलंय, हाताला जळक्या ऑइलचा वास येतोय, आणि असल्या हातांनी आशीर्वाद लिहायची मला लाज वाटते. साबण लावला, राखेने घासले, तुझ्या अव्वाने लिंबाची फोड दिली. वास जात नाही. माझ्याच हातांची मला शिसारी आलीय. हे पत्र शेजारच्या पिंकीजवळ देतोय. ती उद्या सकाळच्या गाडीने जेऊरला सासरी परततेय, आणि तुझ्याच गल्लीत राहते, म्हणजे तुझ्याच हातात पडेल. फोनवर हल्ली तू ‘सगळं बरं हाय अप्पा’ एवढंच म्हणतेस, आणि तेवढ्यात मागे कुणीतरी खाकरतं.

बातमी म्हणशील तर एकच. आज मी व्हॅनचे प्लग बदलले. त्यात काय सांगायचं, असं तुला वाटेल. लग्न होईपर्यंत दरवर्षी तू मला अंगणात हेच करताना बघितलंयस. शाळेची पोरं सोडून आलो की ड्रायव्हरची सीट उचलायची, खालचं इंजिन उघडं करायचं, प्लगपाना घ्यायचा, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं की माझ्या गाडीला मी बाहेरचा हात लागू देत नाही. पोरांच्या आयांनाही मी तेच ऐकवायचो. पोर पाठवायचं तर सिद्रामप्पांच्या गाडीत, असं त्या एकमेकींना सांगायच्या. आणि मी मिशीतल्या मिशीत हसायचो. आता ते हसणं आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

गेले तीन महिने गाडी धक्के खात होती. चढ आला की खोकायची आणि थांबली की पेट्रोलचा उग्र वास मारायची. पहिलीत अक्षता नावाची मुलगी आहे. तिच्या आईने मला दोनदा सांगितलं, “काका, गाडीत लई वास येतोय की.” मी म्हणालो, जुनी गाडी आहे बाई, चालायचंच. आज सकाळी सात रस्ता चौकात ऐन मधोमध गाडी बंद पडली. मागे बस, दोन्ही बाजूंना रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न आणि हे आपलं सोलापूरचं मार्चमधलं ऊन. त्या वासात अक्षताला उलटी झाली. तिच्या फ्रॉकवर, शेजारणीच्या दप्तरावर, माझ्या सीटच्या पाठीवर. तिचं बघून आणखी दोघींना झाली. मी खाली उतरून गाडी ढकलत होतो आणि एक रिक्षावाला जाता जाता म्हणाला, “गाडी सांभाळंना तर पोरं कशाला भरता, मामा?” एरवी मी त्याची गचांडी धरली असती. आज खाली मान घालून ढकलत राहिलो, कारण तो खरं बोलत होता आणि ते फक्त मला माहीत होतं.

अर्ध्या तासाने गाडी कशीबशी सुरू झाली. पोरांना शाळेत सोडलं आणि तशीच खोकत घरी आणली. संध्याकाळी पाचला परत जायचं होतं. मी आधी बादलीभर पाण्याने सीटवरची घाण धुतली आणि मग सीट उचलली. श्रीदेवी, काय बघितलं ते जेवण झाल्यावर वाच. उंदराने घरटं केलं होतं. कुणा पोराचा कुरतडलेला रुमाल, चिक्कीचे कागद, लेंड्या, आणि त्यातच एक वाळून चामडं झालेला उंदीर. त्याच्याखाली आपली दसऱ्याची पूजा. दरवर्षी मी इंजिनावरच हळदीकुंकू वाहतो आणि नारळाचं पाणी शिंपडतो ना, त्याचा काळा-तांबडा चिकट राप बसला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग. गरम इंजिनावर ते सगळं शिजून असा दर्प सुटला की मी तुळशीपाशी जाऊन ओकारी काढली. तुझी अव्वा नाकाला पदर लावून म्हणाली, “ह्या देवाला अंघोळ कवा घातलीसा?”

पण खरी किळस त्याची नाही. व्हॅनला तीन प्लग असतात. पुढचे दोन समोर दिसतात, लहान मूलही काढील. तिसरा मागे, पाइपांच्या आड, पत्र्याला लागून. तो दिसतच नाही. कोपरापर्यंत हात घालून चाचपत काढावा लागतो. गाडी घेतली त्या वर्षी मी एकदा प्रयत्न केला होता. बोटांची सालं निघाली, प्लग हलला नाही. कोपऱ्यावरच्या गॅरेजातला बिरप्पा तेव्हा म्हणाला, “मागचा कुणीच न्हाय काढत अप्पा. दोन नवे टाकले की पळती की गाडी.” मला ते ऐकायचंच होतं. तेव्हापासून नऊ वर्षं मी दोनच प्लग बदलले आणि तिन्ही बदलले म्हणून सांगितलं. दुकानात तिन्हींचा संच मिळतो. दरवर्षी एक कोरा प्लग उरायचा, तो मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचो. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो, तेव्हा तुझी अव्वा पाने, पक्कड, हातोडी मांडायची आणि शेजारी तो डबाही ठेवायची. अडीअडचणीला म्हणून मी जपून ठेवलेत, असं तिला वाटायचं. ती त्यावर फूल वाहायची आणि मी, निर्लज्ज माणूस, हात जोडायचो. तूही जोडायचीस. आज डबा उघडला तर आत नऊ प्लग निघाले, एकेकाला अजून कागद गुंडाळलेला.

मग बसलो. इंजिन थंड होऊ द्यायचं असतं हे मला कळतं, पण पाच वाजता पोरं रस्त्यावर उभी राहणार होती. प्लगच्या बुडाशी ऑइल सोडलं, थोडा वेळ मुरू दिलं, मधे वाकणारा सांध्याचा पाना आत घातला आणि दोन्ही पाय पत्र्याला लावून ओढला. कडकन आवाज झाला. मला वाटलं मोडला, पण सुटला होता. बाहेर काढला तेव्हा तो प्लग म्हणून ओळखू येईना. पांढरी चिनीमाती डांबरासारखी काळी, टोक झिजून नाहीसं झालेलं. हे माझं पाप पोरांच्या बुडाखाली नऊ वर्षं खोकत होतं. थुंकावंसं वाटलं, आणि कुणावर थुंकायचं ते कळेना.

नवा बसवणं त्याहून अवघड. पान्याने एकदम फिरवला तर आटे आडवे जातात आणि सगळंच मुसळ केरात. म्हणून त्याच्या शेंड्यावर रबरी नळीचा तुकडा बसवला आणि दोन बोटांनी हळूहळू फिरवत राहिलो. दिसत काही नव्हतं. आटा धरतोय असं बोटांना जाणवलं आणि नेमका त्याच क्षणी हात सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपला टेकला. हात काढला असता तर प्लग आत पडला असता. नाही काढला. दात आवळून आणखी दोन वेढे दिले आणि मग ओरडलो.

तुझी अव्वा तूप घेऊन धावत आली. मी नळाखाली हात धरला होता. मनगटाच्या वरपासून कोपराकडे, बोटभर रुंद, पट्टीने आखल्यासारखा सरळ वळ उठला होता. ती तुपाचं बोट पुढे करता करता थांबली. आम्ही दोघेही त्या वळाकडे बघत राहिलो. मग ती म्हणाली, “श्रीच्या हातावर असाच होता की. गड्ड्याला आलती तवा. वाफंचा न्हवता त्यो.”

तुला आठवतं ना? संक्रांतीला तू गड्ड्याच्या जत्रेला आली होतीस. बांगड्यांच्या दुकानात कासारणीने तुझी बाही वर सारली आणि तिचा हात थबकला. तिने आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तू तोंड उघडलंस. काहीतरी सांगणार होतीस. आणि त्याआधी मीच घाईने म्हणालो, कुकरची वाफ लागली वाटतं. तू क्षणभर माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, ‘व्हय अप्पा.’ कासारणीने बाही खाली केली. मी तुला हिरव्या बांगड्या घेऊन दिल्या आणि दोघांसाठी भाग्यश्रीच्या स्टॉलवरची भजी मागवली. वाफ अंगभर पसरते, ती रेघ मारत नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. तापलेलं उलथनं लागतं तेव्हा अशी रेघ उठते, आणि कोपराच्या मागच्या बाजूला ते आपलं आपण लागत नाही. फेब्रुवारीत तू फोनवर विचारलंस, चार दिवस येऊ का. मी म्हणालो, गाडीचं काम निघालंय, पोरांच्या परीक्षा होऊ दे, आणि जावईबापूंना विचारून घे. कसलं गाडीचं काम? मी सीटसुद्धा उचलली नव्हती. तुझं लग्न झाल्यापासून चार वर्षं मी लोकांना सांगत आलोय की पोरीचं उत्तम चाललंय. त्या माणसाला मी आजही पत्रात जावईबापू लिहून गेलो. आता पुढे लिहिणार नाही.

संध्याकाळी पोरं आणली. गाडी एकदाही खोकली नाही. अक्षताच्या आईला मी दारात उभं राहून सगळं सांगितलं, नऊ वर्षांचं. ती मुलीला कडेवर घेऊन आत गेली. सोमवारी ती मुलीला पाठवेल की नाही, मला ठाऊक नाही. पण तिला सांगून आलो तेव्हा कळलं की अजून एका घरी सांगायचं राहिलंय, म्हणून हे पत्र. परवा रविवारी सकाळी मी व्हॅन घेऊन जेऊरला येतोय. तुझी अव्वाही बरोबर आहे. मागची बाकडी काढून ठेवलीत, तुझं शिलाई मशीन उभं बसेल. कुणाची परवानगी मागू नकोस, मीही मागणार नाही. त्याने दारात हात आडवा धरला तर तो बाजूला करायला मी आहे. आधी मात्र गड्ड्यातला तो प्रश्न मी आता विचारतो, जो तेव्हा मी कासारणीला विचारूच दिला नाही. तुझ्या हाताला काय झालं होतं, श्रीदेवी? या वेळी उत्तर मी देणार नाही. आणि तुलाही आत्ता देववलं नाही, तर नको देऊस. नुसती गाडीत येऊन बस.

तुझाच,
अप्पा