घराबाहेर ठेवलेली प्रत

तीर्थस्वरूप मामीस,

दोन्ही हात जोडून, आणि मग त्यातला एक सोडवून स्वतःचा कान धरून नमस्कार.

खुशालीचं पत्र मी सोमवारीच लिहिणार होतो. पेन सापडलं नाही. पेन शोधताना माळ्यावर मामाची जुनी दुर्बीण सापडली, ती दुरुस्त करण्यात मंगळवार गेला (आता उलटं दिसतं, पण स्पष्ट दिसतं). बुधवारी धीर झाला नाही. ताईचं नवं घर लागलं का? मामाचा गुडघा जिने चढतो का? तुझी झोप कशी आहे? चांगली असेल तर पुढचं वाचण्याआधी एकदा झोपून घे.

फोन का केला नाही असं तू म्हणशील. तिकडे फोन मामा उचलतो, आणि उचलला की स्पीकरवर टाकतो. ही गोष्ट स्पीकरवर टाकण्यासारखी नाही.

तुम्ही ताईकडे निघायच्या आधीच्या आठवड्यात कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी ड्राइव्ह आणायचं काम तू माझ्यावर सोपवलंस. घरात रिकामा मीच होतो, तेव्हा निवड बरोबर होती. मामाने आयुष्यभर कवळ्या केल्या, आणि गल्लीतल्या निम्म्या तोंडांचे साचे आता त्या एका कॉम्प्युटरमध्ये आहेत. प्लास्टरचे साचे ज्या खोलीत असायचे त्या खोलीत मी झोपतो, त्यामुळे या विषयात माझा जीव गुंतलेला आहेच. पहिल्या दिवशी दुकानात गेलो तो नुसती केबल घेऊन आलो, कारण वाटेत एक माणूस रस्त्यावर बसून अ‍ॅकॉर्डियन उघडून दुरुस्त करत होता आणि त्याला कुणीतरी भाता धरायला हवं होतं. तोवर दुकान बंद व्हायला आलं. दुसऱ्या दिवशी मामा स्वतः बरोबर आला.

दुकानदाराने काउंटरवर ड्राइव्ह मांडले. एक मोठा, स्वस्त, आत चकती फिरणारा. एक त्याहून मोठा, त्याला स्वतःचा वेगळा प्लग लागतो. एक पासवर्डने उघडणारा, तो मामाने लगेच बाजूला सारला. "आमच्या दातांवर कोण डोळा ठेवणार?" (खरं कारण तुला माहीत आहे. मामाला स्वतःच्या फोनचा पासवर्ड आठवायला तुला हाक मारावी लागते.) मग चकतीवाला हातात घेऊन त्याने विचारलं, "हा खाली पडला तर?"

"काका, पाडू नका ना."

"अहो, मी कवळ्या करतो. माणूस वस्तू पाडतोच, हे धरूनच आम्ही कामाला लागतो."

दुकानदार आत गेला. त्याने आतून एक लहानसा नारिंगी ड्राइव्ह काढला: कडेला रबर, आत फिरणारं काहीच नाही. मामाने तो दात वाजवून बघतात तसा अंगठ्याच्या नखावर वाजवला, कानाशी धरला आणि म्हणाला, "हा बसेल." निघताना दुकानदार म्हणाला तेवढं मात्र मी नीट लक्षात ठेवलं, आणि इथूनच घोटाळा सुरू होतो. तो म्हणाला की मूळ आणि प्रत एकाच घरात ठेवू नका. आग लागली, पाणी शिरलं, चोर आला तर दोन्ही जातात. प्रत घराबाहेर हवी.

घरी येऊन प्रत काढली. मामाने ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "ठेव कुठेतरी बाहेर. सुरक्षित." मी फार विचार केला, मामी. वरच्या मजल्यावरचे काका? पण आग लागलीच तर ती त्यांच्याच गॅसपासून लागणार. मामाचा भागीदार? तो स्वतःची छत्री आपल्याकडे विसरतो आणि आपल्याच छत्र्यांकडे संशयाने बघतो. लॉकर? किल्ली तुझ्या पर्समध्ये, आणि पर्समध्ये हात घालायची या घरात कुणाची टाप आहे? तेवढ्यात पलंगावर मामाची उघडी बॅग दिसली. त्यात तू विणलेले ते जाड लोकरीचे मोजे, जे मामा प्रत्येक प्रवासाला नेतो आणि कधी घालत नाही. मऊ, कोरडे, घराबाहेर जाणारे, आणि खुद्द मालकाच्या नजरेखाली. ड्राइव्ह एका मोज्यात सरकवला. दुसरा काढून घेतला, म्हणजे चुकून थंडी वाजलीच तरी एक मोजा कोण घालणार?

तुम्ही गेलात. आता एक मनातलं सांगतो. बॅकअप आहे म्हटल्यावर माणसाला धीर येतो, आणि धीर आला की माणूस स्क्रूड्रायव्हर शोधतो. कॉम्प्युटर सुरू होताना भाषणाआधी घसा खाकरावा तसा आवाज करायचा. म्हटलं, धूळ असेल. उघडला. पुसायला हाताशी एकच मऊ वस्तू होती. लोकरीचा धागा पंख्यात गेला, पंखा अडकला, मला ते संध्याकाळपर्यंत कळलं नाही (मंगळवार होता, दुर्बीण), आणि आत सगळं तापून डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने चिमट्याने लोकर ओढत ओढत बाहेर काढली. माझ्याकडे बघितलं.

"बॅकअप असेलच?"

"आहे," मी छाती काढून म्हणालो.

"मग आणा."

तेव्हा छाती जागेवर आली.

एवढंच असतं तर तुम्ही परत येईपर्यंत मी गप्प बसलो असतो. पण निवृत्त मुख्याध्यापिका बाईंची कवळी बेसिनमध्ये पडून दुभंगली, आणि शनिवारी शाळेत त्यांचं भाषण आहे. नवी कवळी भागीदार करून देईल, पण त्याला साचा हवा. नवं माप घ्यावं, तर बाईंनी शाळेत असताना त्याला इतक्या वेळा तोंड बंद ठेवायला सांगितलंय की आता त्याच्यापुढे स्वतःचं तोंड उघडायला त्या तयार नाहीत. रोज सकाळी येतात, फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात शनिवारवर बोट ठेवतात. भागीदार उठून उभा राहतो. मीही राहतो.

सर्वांना यथायोग्य. मामाला काही सांगू नकोस.

तुझा, अजून घरातच असलेला,
भाचा

ता.क. खरं काम आता सांगतो. बॅगेतून तो मोजा गुपचूप काढ आणि बसच्या कंडक्टरकडे दे. हे पत्रही त्याच्याच हाती पाठवतोय. त्याचे पुढचे दात मामाचेच आहेत, तो नाही म्हणणार नाही.

ता.क. २. मामाने मोज्याबद्दल विचारलंच, तर पहिल्यापासून एकच होता असं सांग. तू विणलेस, तुझा शब्द चालेल.

ता.क. ३. बेल वाजली. कंडक्टर पत्र न्यायला आला म्हणून दार उघडलं. कंडक्टर हसतोय, सगळे दात दाखवून. त्याच्यामागे मामा. बाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवल्याचा फोटो त्याला पाठवला होता म्हणे, म्हणून पहाटेच निघाला. हातात मोजा आहे, आणि मोज्याचं टोक जड होऊन लोंबतंय. बाईंचं भाषण होणार, मामी. मला हायसं वाटलं, पण फार वेळ नाही. मामाने उघड्या कॉम्प्युटरकडे बघितलं, टेबलावरच्या लोकरीच्या गुंत्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, "याचा जोडीदार कुठाय?"