व्हरांड्यात बसलेली आई

सोमवार, ४ मार्च

जुनं कोर्ट पाडणार! आणि त्याआधी मोजमापं घेऊन नकाशे करायचं काम नेमकं माझ्याच टेबलावर यावं? साहेब म्हणाले, "नको वाटत असेल तर सांगा." त्यांना ठाऊक आहे — दादाला जन्मठेप याच इमारतीत झाली. न केलेल्या खुनाबद्दल. तुरुंगातच वारला बिचारा.

हो म्हणाले.

बुधवार, ६ मार्च

टेप घेऊन दिवसभर धूळ खाल्ली. इमारत मुळात धान्याचं कोठार. पुढे त्याचं कोर्ट केलं, वर मजला चढवला, रुबाबासाठी समोर दगडी खांब. एकाचा गिलावा खरवडला तर आत साध्या विटा! दगडाचं नुसतं सोंग. म्हातारा चौकीदार म्हणाला, "बाई, बडा घर पोकळ वासा!" दोघंही हसलो. मग आरोपीच्या पिंजऱ्याकडे नजर गेली. हसू विरलं.

गुरुवार, ७ मार्च

आज पिंजऱ्यात उभी राहिले. खटला चालू होता तेव्हा आई रोज बाहेर व्हरांड्यात बसायची. आत एकदाही गेली नाही. "त्याला मी तिथून दिसत असेन," म्हणायची. दादा माझ्याहून उंच, म्हणून स्टुलावर चढून पाहिलं. खिडक्या अजून कोठाराच्याच — चोर शिरू नयेत म्हणून पार वर. आकाशाचा तुकडा तेवढा दिसतो. व्हरांडा नाही. आई नाही.

शुक्रवार, ८ मार्च

आईने विचारलंच. "दिसतो का गं, व्हरांडा?"

"दिसतो की! अगदी स्वच्छ."

ती भाजी निवडत राहिली. मान वर केली नाही.

रविवार, १० मार्च

आईला हट्टाने घेऊन गेले. पाडायच्या आधी एकदा आतून बघ म्हटलं. उंबरठ्याशी थबकली. हात धरला तर झिडकारला! माझंही डोकं फिरलं — "दादा निर्दोष होता ना? मग तू का तोंड लपवतेस?" बोलून गेले. जीभ चावली, पण उशीर झाला होता. आई व्हरांड्यात जाऊन बसली.

सोमवार, ११ मार्च

सकाळी चहा पुढे ठेवताना आई म्हणाली, "त्यानंच मारलं होतं. घरी येऊन मला सांगितलं. आत गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं मला. आणि मला खोटं बोलता येत नाही गं."