जुन्या कंपायलरची वकिली

प्रिय ताई,

हे कागदावर लिहितोय, कारण तुझ्या नावाने स्क्रीनवर जे उमटतं त्यावर गेला महिनाभर माझा विश्वासच नव्हता.

तारखांचे हिशेब करणारी आपली ती कोडची लायब्ररी, तिच्यातून त्या जुन्या कंपायलरचा सपोर्ट काढायचं मी जाहीर केलं, तेव्हा बाकी सगळे 'सुटलो बुवा' म्हणाले. लिहिलेला कोड यंत्राच्या गळी उतरवणं एवढंच त्याचं काम; पण कोडच्या भाषेचे नियम ठरून इतकी वर्षं झाली तरी हा गडी आपलंच घोडं दामटतो, आणि त्याच्या एकट्यासाठी फाइलीफाइलीत आडवळणं घालावी लागतात. विरोध एकाच खात्यावरून आला. तुझ्या. 'आपण कृपया या निर्णयाचा पुनर्विचार करावा.' मी हातातला चहा खाली ठेवला. कृपया? मला ढब्ब्याशिवाय हाक न मारणारी, माझा कोड पाहून 'हे काय शेण खाल्लंस' असं चारचौघांत लिहिणारी माझी बहीण?

मनात पाल चुकचुकली. तुझं खातं कुणीतरी बळकावलंय! आपली लायब्ररी लोक डोळे झाकून उतरवून घेतात आणि त्या आडवळणांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. चोरटा कोड लपवायचा तर याहून चांगली अडगळ कुठली? म्हणूनच ती वाचवायची ही धडपड. तुझ्या खात्यावरून आलेली ओळ न् ओळ मी उलटीपालटी करून पाहिली. कुठे काही नाही. त्याने संशय वाढलाच. इतका सज्जन चोर म्हणजे मुरलेला. मग खडा टाकून पाहिला: ही लायब्ररी आपण कॉलेजच्या वाचनालयात सुरू केली होती ना? खरी ताई उसळून म्हणाली असती, अरे गाढवा, आपल्या गच्चीवर! उत्तर आलं, 'त्याचा येथे संबंध नाही.' झालं, माझी खात्री पटली.

शेवटी परवा भावोजींना फोन केला, तुझा पासवर्ड चोरीला गेलाय म्हणून सांगायला. ते हसतच सुटले. "अरे, तीच आहे की! तिच्या पाणीपुरवठा केंद्रातली यंत्रं अजून त्याच कंपायलरवर चालतात, म्हणून जीव तोडून लिहितेय. इथेच बसलीय, देऊ का?"

मी फोन ठेवला. रेंज गेली नव्हती, सांग त्यांना.

ताई, चोर निघाला असता तर बरं झालं असतं. आईने कुणाकडे राहायचं यावरून आपलं वाजलं, ते इतकं खोल गेलं असेल असं वाटलं नव्हतं. तू मला परक्यासारखं लिहितेस, यापेक्षा तुझं खातं कुणी लुटलंय हे मानणं मला सोपं गेलं.

कंपायलर जाणार, त्यात बदल नाही. पण जुनी आवृत्ती तुमच्या यंत्रांसाठी वेगळी ठेवतो. तिच्यातल्या चुका मी निस्तरीन. हे स्क्रीनवरही सांगता आलं असतं. तिथे विचारता येईना ते एवढंच, की रविवारी आईला भेटायला येऊ का? भावोजी ये म्हणतील, आईही म्हणेल. मला तुझं उत्तर हवंय.

तुझाच,
ढब्ब्या