हौद अजून गळतोच आहे

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (आमच्या मंडळीत पत्राची सुरुवात "प्रभूमध्ये सलाम" अशी करतात. तशी करून पाहिली, पण तुला सलाम ठोकल्यावर मी पोलिसात भरती झालोय असं वाटायला लागलं. तो कागद फाडला आणि नेहमीसारखा तुझ्या पाया पडलो.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला? ते अजून खिडकी उघडी टाकूनच झोपतात का? मी ठीक आहे. ठीक म्हणजे दमलोय. मागच्या पत्राला तुझं उत्तर नाही. फोन केला तर "आता तू त्यांचा झालास, आमचा कसला, तुझं तू बघ" म्हणालीस आणि ठेवलास. तर माझं मी बघतोय, आणि काय काय बघावं लागतंय ते तुला कळावं म्हणून हे लिहितोय.

तुला वाटतं मला कुणीतरी फूस लावली. ताई, पन्नाशी उलटलेल्या प्लंबरला फूस लावायला कुणाला वेळ आहे? मी चर्चमध्ये गेलो तो मागच्या मोरीचा नळ बदलायला. उपासना चालू होती, ती संपेपर्यंत ठोकाठोक नको म्हणाले, म्हणून शेवटच्या बाकावर पाना मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या आजीनं माझा गुडघा कुरकुरलेला ऐकला. मला एका शब्दानं न विचारता ती उठली आणि सगळ्यांदेखत देवाला सांगितलं, या नळवाल्या पोराचा गुडघा बघ. (पोराचा!) गुडघा काही बरा झाला नाही, आजही तसाच आहे. पण पुढच्या रविवारी राहिलेलं काम उरकायला गेलो तर तिनं दारातच विचारलं, गुडघा कसा आहे? घरात आता असं विचारणारं कुणी उरलेलं नाही, आणि तू लांब. मग जात राहिलो. तिथं एकदा वाचून दाखवलं, येशू कमरेला रुमाल बांधून खाली बसला, शिष्यांचे पाय धुतले आणि त्याच रुमालानं पुसले. माझा सगळा जन्म लोकांच्या मोऱ्यांत गुडघ्यांवर गेला. वर उभं राहून सांगणारे पुष्कळ भेटले. गुडघ्यांवर बसलेला धनी मी पहिल्यांदाच पाहिला. मला रडू आलं. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि याची थट्टा तर मुळीच करवत नाही.

थट्टा पुढची आहे. बाप्तिस्मा घ्यायचं ठरलं. आमच्याकडे चार थेंब शिंपडून भागत नाही, अख्खा माणूस पाण्याखाली घालून वर काढतात. त्यासाठी व्यासपीठाखाली हौद आहे. एरवी त्यावर फळ्या टाकून पेटीवाल्या बाई बसतात. बऱ्याच वर्षांत कुणी बुडालं नव्हतं, त्यामुळे आत मोडक्या खुर्च्या. त्या मीच काढल्या, हौद मीच घासला, पाणीही मीच भरलं. (पेशंटनंच ऑपरेशनचं टेबल धुवावं तसं.) रविवारी सगळे डोळे मिटून प्रार्थनेला उभे असताना शिस्तमास्तरांचे मोजे भिजले. हे आमच्या मंडळीतले वडीलधारे, पूर्वीचे कवायतीचे शिक्षक, नुसतं आमेन म्हणाले तरी लोक सावधानमध्ये उभे राहतात. त्यांनी प्रार्थना अर्धवट तोडून विचारलं, प्लंबर कुठाय? प्लंबर पांढरा झगा घालून त्या गळक्या हौदाच्या काठावर उभा होता.

तेव्हापासून हेच चाललंय. मी दुरुस्ती करतो, रविवारी हौद गळतो, बाप्तिस्मा पुढच्या रविवारवर जातो. मध्ये शिस्तमास्तरांनी कोरड्या हौदात तालीम घेतली. आमचे पाळक (म्हणजे पाद्री, बुडवून वर काढायचं काम त्यांचं) म्हणजे काडी, आणि मी कसा आहे ते तू जाणतेसच. त्यांनी मला मागे झुकवलं ते झकास. वर काढताना त्यांच्या पाठीत उसण भरली आणि ते माझ्यावर बसले. वरून शिस्तमास्तर "एक-दो" करत होते आणि आम्ही दोघं तळाशी एकमेकांची माफी मागत होतो. पाळक आठवडाभर आडवे. त्यांना काढा द्यायला मीच जायचो, आणि ते माणूस मलाच विचारायचं, तुम्हाला लागलं नाही ना?

आणि तो टॉवेल! इथली रीत अशी की माणूस पाण्यातून वर आला की काठावर त्याच्या घरचं कुणीतरी टॉवेल धरून उभं असतं. शिस्तमास्तरांनी भर सभेत विचारलं, तुमचा टॉवेल कोण धरणार? मग काय, पेटीवाल्या बाई म्हणाल्या मी, पाळकांची बायको म्हणाली मी, शिस्तमास्तर स्वतःच एक पाऊल पुढे आले. चांगली माणसं आहेत गं, जीव नकोसा करतात इतकी चांगली. मी सांगून टाकलं, माझी ताई येतेय. (हे नंतर दर रविवारी सांगितलंय.) आजी हल्ली गुडघ्याच्या जोडीला "प्लंबरच्या ताईचं" नावही प्रार्थनेत घेते. तुझ्या कंबरेचं मीच सांगितलं, रागावू नकोस.

असो. फार लिहिलं. भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच (हो, अजूनही),
धाकटा

ता.क. भावजींना सांग, तुमच्या न्हाणीघराचा शॉवर मी येईन तेव्हा बघतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका.

ता.क. दुसरं. हौद खरा गळला तो पहिल्याच रविवारी. वायसर गेला होता, तो मी त्याच दुपारी बदलला. त्यानंतर दर रविवारी उपासनेआधी तळाचा व्हॉल्व्ह मीच जरासा सैल करतो. धंद्याची अब्रू पार गेली, दोन घरांनी दुसरा प्लंबर धरला. पण नाकातोंडात पाणी घेऊन वर यायचं आणि समोर टॉवेल धरून तू नसायचीस, हे माझ्यानं होणार नाही. परवा आजीनं मला व्हॉल्व्ह सैल करताना पाहिलं. म्हणाली, होऊ दे सावकाश, येईल ती. तिच्यापुढे मान वर करवेना.

ता.क. तिसरं. तू गाऊ नकोस, डोळे मिटू नकोस, कुणी सलाम केला तर उत्तरही देऊ नकोस. फक्त काठावर उभी राहा. आई गेल्यावर मला आंघोळ घालून तू त्या खरखरीत पंच्यानं डोकं पुसायचीस, कान लाल होईपर्यंत. तसलाच एखादा घेऊन ये. रागानं पुसलंस तरी चालेल. तेव्हाही रागानंच पुसायचीस.