दादाला उडता येईल का?

१९ ऑगस्ट १९६५, श्टुटगार्ट

दादाच्या पाठीचे एक्स-रे झाले. प्रोफेसर मंगळवारी काय ते सांगणार. मी आत्तापासून दिवस मोजतेय. दादा मात्र इस्पितळातलं बेचव सूप शांतपणे संपवून म्हणाला, "आमच्या मेसपेक्षा बरं आहे."

त्याला इथे मीच बोलावलं. गेल्या वर्षी त्याच्या हंटर विमानाचं इंजिन हवेतच बंद पडलं. सीटसकट बाहेर फेकला गेला, पॅराशूटने वाचला, पण पाठीचा मणका दबला. तेव्हापासून जमिनीवर. विंग कमांडर, लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनचा प्रमुख – आणि वर्षभर विमानात पाय नाही! तिकडचे डॉक्टर ना हो म्हणेनात, ना नाही. म्हणून मी लिहिलं – इथले प्रोफेसर मणक्यांतले मोठे आहेत, ये. प्रोफेसरांना इंग्रजी येत नाही, दादाला जर्मन येत नाही. मधे मी.

२१ ऑगस्ट

लॅबमध्ये फ्लास्क फोडला. पीएचडीच्या कामात लक्षच नाही.

अपघात झाला तेव्हा मी सुट्टीवर दादाच्याच क्वार्टरमध्ये होते. वसुधावहिनी पोळ्या लाटत होत्या. जीप थांबल्याचा आवाज आला, तशा लाटणं हातात घेऊनच दारात गेल्या. "साहेब सुखरूप आहेत," असं त्या अधिकाऱ्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. वहिनींच्या कानात शिरतच नव्हतं. नंतर मला म्हणाल्या, "सुलेखा, जीप वाजली की मी आधी विधवा होते. मग बघते, कोण आलंय."

ते ऐकल्यापासून मला विमानांचा आवाज सहन होत नाही.

२४ ऑगस्ट

काय करून बसले मी हे.

प्रोफेसरांनी एक्स-रे उजेडासमोर धरले. म्हणाले, "तर, हाड छान जुळलंय. या, या" – म्हणजे हो, हो – "उडू दे त्याला. मात्र पुन्हा तसं बाहेर उडी घ्यायची वेळ आली, तर पायांची खात्री मी देणार नाही."

मी दादाकडे वळले. खुर्चीत ताठ बसला होता. तळवे गुडघ्यांवर. माझ्या तोंडून निघालं, "नाही म्हणतात. पुन्हा धक्का बसला तर पाय जातील. विमान बंद."

पाय जातील एवढंच खरं. बाकी माझं.

दादा उठून उभा राहिला. मग म्हणाला, "त्यांना थँक यू म्हण." मी म्हटलं. प्रोफेसर हसले, त्याचा हात जोरात हलवून म्हणाले, लेखी अहवाल मागाहून पाठवतो. ट्राममध्ये दादा खिडकीबाहेर बघत होता.

२५ ऑगस्ट

विचारांती केलेलं नाही. आधी ठरवलेलंही नव्हतं. पण मागेही घेतलं नाही.

२७ ऑगस्ट

दादाने दिल्लीला तार केली – उड्डाणाला अयोग्य, ऑफिसातलं काम द्यावं. मला न विचारता, स्वतः पोस्टात जाऊन. कॉलेज अर्धवट टाकून विमानदलात गेलेला माझा भाऊ. आधी व्हॅम्पायर विमान, मग तुफानी, मग हंटर. आता टेबल मिळेल. ग्रुप कॅप्टन होईल, फायलींवर सह्या करील, म्हातारा होईल. हेच तर हवं होतं मला! मग जेवण का जात नाही?

अहवाल आला की सगळं उघडं पडणार. पोस्टमन दिसला तरी धस्स होतं.

२ सप्टेंबर

सीमेवर, छांबमध्ये लढाई. आपली विमानं गेली, काही पडली. दादा घरमालकीणबाईंच्या रेडिओसमोर उभा. बसतच नाही.

७ सप्टेंबर

पुरतं युद्ध. लाहोर, पठाणकोट – जर्मन निवेदक ही नावं वेडीवाकडी उच्चारतो, मी भाषांतर करते. प्रत्येक शब्दाआधी दादा माझ्या तोंडाकडे बघतो. मी काही गाळत तर नाही ना, असं बघतो की काय? नाही, भास असेल माझा.

त्याची स्क्वाड्रन आता विनय नेतोय. दादाच्याच हाताखाली तयार झालेला. "चांगला उडवतो," दादा म्हणाला, "पण खाली फार येतो. मी असलो की ओरडतो त्याला."

८ सप्टेंबर

वहिनींची तार. विनय परत आला नाही.

त्याच्या बायकोला, शुभाला, मी त्यांच्या लग्नात पाहिलं होतं. आज तिच्या दारात जीप थांबली असेल.

९ सप्टेंबर

सांगून टाकलं. दादा बुटांना पॉलिश करत होता.

"दादा, प्रोफेसर हो म्हणाले होते."

ब्रश चालूच.

"उडू दे म्हणाले. नाही, हे मी म्हटलं. मला भीती वाटली."

"बरं," तो म्हणाला. मग दुसरा बूट घेतला. "चहा टाकतेस?"

ओरडला असता तर बरं झालं असतं. एक कानाखाली दिली असती तरी चाललं असतं.

१० सप्टेंबर

त्याला घेऊन पुन्हा प्रोफेसरांकडे गेले. त्यांनी तेच उत्तर दिलं, या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला – पायांचंही. दादाने अहवाल तिथेच लिहून मागितला. "आता विनयच्या हाताखालच्या पोरांना कोण ओरडणार?" एवढंच बोलला. उद्या निघतोय. फ्रांकफुर्टहून विमान.

वहिनींना काय तोंड दाखवू? दादाला काही झालं तर खरं सांगितलं म्हणून. नाही झालं, तरी खोटं सांगितलं म्हणून. झोप नाही.

११ सप्टेंबर

स्टेशनवर गाडी सुटायच्या बेतात होती. मी रडत होते. दादा डब्याच्या दारात वाकून हळूच म्हणाला, "सुले, जिवाला लावून घेऊ नकोस. तो माणूस हो म्हणतोय, हे मला तिथेच कळलं होतं. तेवढं जर्मन कुणालाही कळतं. तू नाही म्हणालीस आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की मी पुन्हा विचारलंच नाही."

मग माझ्याकडे न बघता त्याने दार ओढून घेतलं.