शुमायलाचे वीस गुण

वारिसपुरा, फैसलाबाद
गुरुवार

आदरणीय परवीन आपांना धाकट्या इनायतचा येशू मसीहच्या नावानं सलाम. आपण, दुल्हाभाई आणि लेकरं खुशाल असाल. आपल्या गुडघ्यांसाठी इथं रोज दुआ होते (तेल लावता ना? एकटी दुआ काय काय करील?). आम्ही मजेत आहोत. मजेत कसले, हवेत आहोत!

आपा, डॉक्टरीच्या कॉलेजची यादी लागली आणि आपली शुमायला सहा गुणांनी राहिली. ती रडली नाही, रडलो मी. मग खालची सूचना वाचली: ज्यांना कुराण पाठ आहे, त्यांना वीस गुण जास्त. म्हटलं, द्या बापडे, पाठ करणं काय खायचं काम आहे? पण आपल्या पोरीला दाऊदची स्तोत्रं, दीडशेच्या दीडशे जबूर, पाठ आहेत, त्याचं काय? (शिवाय इस्लामियातमध्ये तिला शंभरात शहाण्णव. आपल्या मुलांसाठी वेगळा विषय आहे म्हणतात, पण तो शिकवणारा मास्तर अजून कुणी पाहिलेला नाही.)

ठोकला अर्ज! फॉर्मात रकाना नव्हता, म्हणून समासात लिहिलं. खिडकीतला कारकून गोड आवाजात म्हणाला, ‘चाचा, तुमच्या लोकांसाठी राखीव जागा आहेत की इथं, झाडूवाल्यांच्या. देऊ फॉर्म?’ आपा, कानशिलं तापली माझी. मी तोंड उघडणार तोच शुमायला म्हणाली, ‘भाईजान, हाच घ्या आणि शिक्का मारा. पोच मिळाल्याशिवाय अब्बा खिडकी सोडत नाहीत.’ (खरं आहे. सव्वा तास सोडली नव्हती.)

मंगळवारी बोलावणं आलं. बहुधा माझी कटकट मिटवायला असेल, पण प्रिन्सिपलसाहेबांनी परीक्षा घ्यायला चक्क कुराण पढवणारे कारीसाहेब बसवले होते, पांढऱ्या दाढीचे, हातात आपलं जबुराचं पुस्तक. त्यांनी नेमका एकशे एकोणिसावा काढला, सगळ्यात लांब. वर अट घातली, गायचं नाही, नुसतं म्हणायचं! आता आपा, आपण जन्मात कधी जबूर नुसता म्हटलाय का? अम्मीच्या मांडीवरसुद्धा गाऊनच शिकलो. पोरगी दुसऱ्याच ओळीला अडली. माझा ढोलक फाटकावर चौकीदारानं ठेवून घेतला होता, म्हणून मी प्रिन्सिपलसाहेबांच्या टेबलावरच दोन बोटांनी ठेका धरला. ते डोळे वटारून पाहत होते, पण बोटं थांबेनात, आणि आपा, पोरगी धो धो सुटली! दारात शिपाई जमले. कारीसाहेबांनी पुस्तक मिटून टाकलं आणि मान डोलावू लागले. शेवटी म्हणाले, ‘बेटी, एका शब्दाची चूक नाही. दाऊद पैगंबरांचाच कलाम आहे हा.’ आणि तसं सही करून लिहून दिलं! प्रिन्सिपल म्हणाले, वर विचारून कळवतो.

म्हणजे झालंच समजा! विसातून सहा गेले, वर चौदा उरतात. गल्लीत सगळ्यांना सांगितलंय, रविवारी चर्चनंतर लाडू वाटणार आहे. आपली भावजय म्हणते आधी पत्र येऊ द्या, पण तिचा स्वभावच थंड.

आपला आज्ञाधारक,
इनायत मसीह

ता. क. आपल्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंगची भरती कधी निघते, सहज विचारून ठेवाल का? सहजच. शुमायलाला कळू देऊ नका.

ता. क. दुसरा. फुफी, अब्बांनी पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं. कॉलेजचं उत्तर कालच आलंय: अशी तरतूद नाही. अब्बांना अजून सांगितलेलं नाही, आज रात्री सांगीन. लाडूंचं काय करायचं ते अम्मी बघेल. तुम्ही नर्सिंगचं विचारू नका, त्या वकीलबाईंचा पत्ता पाठवा, तुमच्या शेजारी राहतात त्या. कारीसाहेब साक्षीला यायला तयार आहेत, मी काल जाऊन विचारून आले. पण मला ते वीस गुण नकोतच. कुणालाच वीस न देता यादी लावली तर मी बेचाळिसावी येते, दोनदा मोजलंय. जागा पन्नास आहेत.
शुमायला