पाहणाऱ्याने काय करावं

१० जून, सोमवार
थ्योलो गावातल्या शिक्षक-शिबिरातून काल परतलो. दुसरीच्या मुलांना शिकवायचंय : कुणी कुणाला छळताना दिसलं तर पाहणाऱ्याने काय करावं. 'थांब' म्हणावं, छळ होणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभं राहावं, मोठ्यांना सांगावं. दोन आठवड्यांत शाळेतली दादागिरी बंद. संकल्प पक्का.

१२ जून
वर्गात नाटुकलं बसवलं. ब्याऐंशी मुलं, सगळ्यांना दादाच व्हायचंय. मार खायला कुणी तयार नाही. शेवटी मीच झालो. तिघांनी मनापासून गुद्दे घातले. एकटी टियामिके, सहा वर्षांची, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. शिकवण्याचा परिणाम दिसतो.

१४ जून, मधली सुट्टी
लापशीच्या रांगेत सातवीच्या एका मुलीने कुणाचा तरी कप हिसकावला. माझी मुलं एका सुरात 'थांब' म्हणाली. तिने दोघांना चिखलात ढकललं. मग चाळीस जण मोठ्यांना, म्हणजे मला, सांगायला आले. चहा निवला. म्हटलं, फारच मोठं काही असेल तर या. पद्धतीत किरकोळ दुरुस्ती, इतकंच. कप कुणाचा होता ते विचारायचं राहिलं.

१८ जून
प्रार्थनेच्या वेळी हेडमास्तर चिम्बालांगा एलुबेबाईंवर घसरले. बाई नवीन, कच्च्या नेमणुकीवर. चिखलात मिनीबस रुतली म्हणून उशीर झाला. सगळ्या शाळेसमोर त्यांना आळशी शेळी म्हणाले, आणखीही बरंच. मी बोलणारच होतो, योग्य क्षण बघत होतो. तेवढ्यात टियामिके रांगेतून निघाली आणि बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.
हेडमास्तरांनी विचारलं, "हिला हे कुणी शिकवलं?"
शिबिराची माहिती सविस्तर द्यावी लागते. प्रार्थना ही काही त्याची जागा नव्हे. गप्प राहिलो. तिला दुपारपर्यंत ऑफिसबाहेर गुडघ्यांवर बसवलं. उद्या हेडमास्तरांशी बोलायचं. किंवा शुक्रवारी, ते जरा बऱ्या मूडमध्ये असतात.

१९ जून
उजळणी घेतली. कुणी कुणाला छळताना दिसलं तर काय करावं? एकही हात वर नाही. टियामिकेचे गुडघे सोललेत.
तास संपल्यावर ती टेबलापाशी आली. हळूच म्हणाली, "सर, काल तुम्हाला दिसलंच नाही ना?"
ऊन डोळ्यांवर येत होतं, म्हणालो.
तिने मान डोलावली.
काल दिवसभर झिमझिम होती. पण एवढ्याशा पोरीच्या ते कुठलं लक्षात राहणार.